काळी पाचपासून सुरू कर: पियानोच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

शाळा सुरू झाल्या, वर्गही सुरू. या सत्रात नऊ मुलं आहेत. सर्वांत धाकटी सहा वर्षांची, सर्वांत मोठी दहावीतली. हॉलमधला पियानो जुना अपराइट आहे, ८८ पट्ट्यांचा. मुलांच्या घरी बहुतेक ठिकाणी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड.

हा प्रकल्प का, ते आधी लिहून ठेवते. मागच्या सत्रात एका मुलाची ग्रेडची परीक्षा झाली. चांगले गुण मिळाले. परीक्षेनंतरच्या वर्गात मी म्हटलं, "आज काहीही वाजव, तुला आवडेल ते." तो पट्ट्यांकडे बघत बसला, हात मांडीवरच. वर्षभर तीन तुकडे, काही स्केल्स, आणि त्यापलीकडे त्याच्या बोटांकडे स्वतःचं म्हणून काही नव्हतं. महिन्याभरात त्यानं शिकणं सोडलं. यात मुलाचा दोष नाही, शिकवणं माझं होतं.

म्हणून दिवाळीपर्यंत प्रत्येक वर्गातला एक तुकडा खेळासाठी राखून ठेवायचा आणि काय झालं ते त्याच दिवशी इथे लिहायचं. फसलं तर फसलं असंच लिहायचं.

२२ जून

फसलं.

चिकटचित्रांचा तक्ता केला होता. घरी रियाज केला की एक चित्र, दहा झाली की बक्षीस. मुलं खूश, पालक त्याहून खूश. पण आज चौथीतल्या मुलानं त्याचा तुकडा पाच वेळा वाजवला आणि पाचही वेळा त्याच ठिकाणी, त्याच बोटानं, तोच चुकीचा सूर लावला. त्याचं लक्ष सगळं मोजण्यात होतं. पाचवा फेरा संपताच तो तक्त्याकडे वळला, शेवटचा सूर अजून वाजत होता तोवरच.

तो शेवटचा सूर कोणीच ऐकला नाही, हे मला फार लागलं. आता प्रत्येक खेळाला एकच चाळणी लावायची: कान बंद ठेवून हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर तो आमच्या वर्गाचा खेळ नाही. तक्ता काढून टाकला. मुलांना कारणही सांगितलं.

२९ जून

आज पियानोचं पुढचं पॅनेल काढलं. हातोड्या, तारा, तारेचा आवाज थांबवणारे डॅम्पर उघडे पडले. मंद्रात एका सुराला एकच जाड, तांब्यानं गुंडाळलेली तार, वर दोन, मग तीन. सहा वर्षांची धाकटी स्टुलावर उभी राहून एकेक पट्टी दाबत होती आणि हातोडी तारेला लागून लगेच मागे येते ते बघत होती. "ताई, ती चटका बसल्यासारखी परत येते!" इतकं नेमकं वर्णन माझ्याकडून कधी झालं नसतं. पट्टी जोरात दाबून धरली तरी आवाज वाढत नाही, कारण हातोडी केव्हाच परतलेली असते, हे तिला न सांगता कळलं.

मग "लपलेला सूर" हा खेळ. मिडल सी, म्हणजे पियानोच्या मध्यावरचा सी, इतक्या हळू दाबायचा की आवाज येता कामा नये, आणि तो दाबूनच ठेवायचा. दुसऱ्या हातानं एक सप्तक खालचा सी जोरात वाजवून लगेच सोडायचा. खालचा सूर थांबतो आणि वरचा, ज्याला हातोडीनं स्पर्शही केलेला नाही, तो गात राहतो. सतारीच्या तरफांचं, म्हणजे न छेडता झंकारणाऱ्या तारांचं, तत्त्व तेच. खालच्या तारेच्या आवाजातच वरचा सूर मिसळलेला असतो आणि मोकळी तार तो उचलते.

यानंतर मुलांनी स्वतःच शोध सुरू केला: खालचा सी तोच ठेवून वर कोणकोणते सूर जागे होतात? मिडल सीच्या वरचा जी जागा होतो, शेजारचा एफ नाही. तो शोधायला खोलीत पूर्ण शांतता लागते, आणि ती मुलांनी आपणहून पाळली. खिडकी बंद करा असंही एकानंच सांगितलं. घरच्या साध्या कीबोर्डवर मात्र हे होत नाही, तेवढं सांगून ठेवावं लागलं, नाहीतर दोघीतिघी निराश झाल्या असत्या.

६ जुलै

जॉर्ज कुर्टाग हा रोमानियातल्या लुगोज गावी १९२६ साली जन्मलेला हंगेरियन संगीतकार. १९७३ पासून त्यानं 'यातेकोक', म्हणजे 'खेळ', या नावाने पियानोसाठी छोटे छोटे तुकडे लिहायला घेतले. ज्या मुलांसाठी पियानो अजून खेळणंच आहे, ती त्याला कशी कुरवाळतात, त्याच्यावर कशी तुटून पडतात, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. तिथे तळहातानं वाजवायचं असतं, कोपरापर्यंतच्या हातानंही. एकेक सूर अचूक लावण्याआधी हाताला सगळ्या पट्ट्यांवर फिरू द्यायचं.

धाकटीला दिलं. अट एकच: दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांवर ठेवायचे आणि जमेल तितकं हळू वाजवायचं. मोठा आवाज कुणालाही काढता येतो. वीसेक पट्ट्या एकदम, एकाच वेळी आणि मऊ दाबायच्या तर खांदा सोडावा लागतो. गेले तीन महिने मी "खांदे सैल, खांदे सैल" म्हणत होते. आज पाचव्या-सहाव्या वेळेला ढगासारखा आवाज आला आणि खांदे आपोआप खाली आले होते.

तिची आई दारातून बघत होती. तिला वाटलं पियानोवर थापा मारायला शिकवतेय. तिला बसवून घेतलं आणि तिच्याकडूनही करून घेतलं. तिचा ढग जास्त खडबडीत आला, धाकटी भलतीच खूश झाली.

२० जुलै

ताल. यावर सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे माझं स्वतःचं काहीतरी दुरुस्त झालं.

संगीत शिकवायच्या हंगेरीतल्या कोदाय पद्धतीत क्वार्टर नोटला 'ता' आणि तिच्या निम्म्या लांबीच्या एट्थ नोटला 'ती' म्हणतात. मुलं वाचण्याआधी बोलतात, टाळ्या वाजवतात. मी विचार केला, 'ता-ती'ऐवजी खाण्याचे शब्द घेऊ. तिहेरी नोटांसाठी 'भाकरी' निवडला. तीन अक्षरं, तीन टाळ्या.

मुलांनी दोनच टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी.

परत म्हणायला लावलं. परत दोन. मग मी स्वतः मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि कळलं की बोलताना आपण 'भाक्-री' म्हणतो. मधला 'क' कागदावर पूर्ण आहे, तोंडात नाही. मुलं बरोबर होती, मी लिहिलेल्या अक्षरांवर विसंबले होते. जिलबी म्हणजे 'जिल्-बी', ढोकळा म्हणजे 'ढोक्-ळा'. जेवणाच्या ताटातले निम्मे शब्द माझ्या यादीतून बाद झाले.

मग सगळ्यांनी मिळून बोलून बोलून नवी यादी केली, दिवाळीच्या फराळाची, कारण तो विषय निघाल्यावर थांबवणं शक्य नव्हतं. लाडू, चकली, चिवडा: दोन सारख्या टाळ्या. शंकरपाळी: शं-कर-पा-ळी, चार सारख्या. शेव: एकच, पण लांब धरायची. करंजी मात्र वेगळी निघाली. 'क' चटकन जातो, 'रं' आणि 'जी' लांब. अनारसा बोलताना 'अ-नार्-सा' होतो, तोही तसाच.

तेवढ्यात दहावीतली ताई म्हणाली, "हे तर आमच्या व्याकरणातलं लघु-गुरू आहे. करंजी म्हणजे य गण."

मी खुर्चीतून उठलेच. लघु एक मात्रा, गुरू दोन मात्रा. म्हणजे एट्थ नोट आणि क्वार्टर नोट. 'यमाताराजभानसलगा' ही सगळी ताल वाचायची किल्लीच आहे, आणि ती शाळेत वृत्तं ओळखायच्या प्रश्नापुरती पाठ होऊन राहते. ल-गा-गा, एक-दोन-दोन, पाच मात्रा. हाच गण चार वेळा घेतला की भुजंगप्रयात, आणि मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. ज्या मुलांच्या घरी ते म्हटले जातात त्यांच्या अंगात पाचाचा ताल बसलेलाच असतो. हंगेरियन संगीतकार बार्तोकच्या 'मिक्रोकॉस्मॉस' या पियानोच्या संग्रहात १५३ तुकडे आहेत आणि शेवटचे ६ बल्गेरियन तालातले नाच आहेत, पाच, सात, आठ, नऊ असे विषम गट असलेले. पियानो शिकणारी मुलं तिथे पोचेपर्यंत बरीच वर्षं जातात आणि पोचल्यावर मोजत बसतात. आमच्याकडची दारातूनच आत जाऊ शकतात.

२७ जुलै

गुरुवारच्या, २५ तारखेच्या पावसानं पुण्यात नदीकाठी पाणी शिरलं. आज फक्त तिघंच आली. पियानोची मंद्रातली एक पट्टी दाबली की वर यायला वेळ लावते. दमट हवेत पट्टीच्या आतलं लाकूड आणि लोकर फुगते, दर पावसाळ्यात हे होतं.

तिघांबरोबर पाचाचा ताल पुढे नेला. आधी शब्द हवे होते. सगळ्यांनी मिळून ओळ जुळवली:

मला दे, तुला घे, जरा हास राजा

म-ला-दे, तु-ला-घे, ज-रा-हा, स-रा-जा. चार य गण, बरोबर बसले. टाळ्यांवर म्हटलं, मग उजव्या हातानं एका सुरावर, मग पाच सुरांत फिरवून.

इथे एक गोष्ट दिसली. मी कागदावर बारची, म्हणजे मात्रांच्या एका गटाची, रेघ 'म'च्या आधी मारली होती, कारण गण तिथून सुरू होतो. पण मुलं वजन 'ला'वर देत होती. 'म' नुसता उंबरा, पाय 'ला'वर पडतो. तीनदा ऐकलं, तीनदा तसंच. मग रेघ पुसली आणि 'ला'च्या आधी मारली. 'म' बारच्या बाहेर, सुरुवातीची उचल म्हणून. डाव्या हाताचा खर्ज 'ला'वर दिला आणि ओळ एकदम चालायला लागली. पाश्चात्त्य संगीतातली ही उचल समजावताना मला नेहमी दमछाक होते. आज ती मुलांनी मला दाखवली.

१० ऑगस्ट

सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूनं अकरा रेघा. वरच्या पाच ट्रेबल, खालच्या पाच बेस, मधली तुटक रेघ मिडल सीची. एकानं पियानोचं ॲप वाजवायचं, दुसऱ्यानं लंगडी घालत त्या सुरावर उडी मारायची. सूर वर गेला की खाली, हे आधी कानानं ठरवायचं, मग नाव. साइट रीडिंगला, म्हणजे नोटेशन बघून लगेच वाजवायला, उपयोग होतोय, पण याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पावसानं दोनदा रेघा धुतल्या.

पार्किंगचा खरा उपयोग मिन्युएटला झाला. मुलं जो जी मेजरमधला मिन्युएट पहिल्या दोन वर्षांत शिकतात तो बाखच्या घरच्या, त्याची बायको आना माग्दालेना हिच्या १७२५ सालच्या वहीत आहे. तो बाखचाच म्हणून सगळीकडे छापला जायचा, प्रत्यक्षात क्रिस्तियान पेत्सोल्डचा आहे. मुलं तो 'एक-दोन-तीन, एक-दोन-तीन' असा ठोकतात, प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर हातोडा.

मिन्युएट हा नाच. त्याचं एक पाऊल-चक्र दोन बारांत पूर्ण होतं, सहा मात्रांत चार पावलं. सहा मात्रा म्हटल्यावर मला तबल्यावरचा दादरा ताल दिसला. धा धी ना, धा ती ना. चौथ्या मात्रेवर काल, म्हणजे वजन हलकं. मुलांपैकी दोघं तबल्यालाही जातात. त्यांना म्हटलं, तुम्ही दादरा म्हणा, बाकीच्यांनी चालायचं. दुसरा बार आपोआप हलका झाला. वर येऊन लगेच वाजवायला बसवलं. ठोकणं गेलं होतं आणि दोन-दोन बारांचे श्वास आले होते. नाचणाऱ्याला नेमकं हेच लागत असणार.

जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवताना एमिल झाक-दालक्रोझलाही हेच दिसलं होतं की विद्यार्थी ताल डोक्यानं मोजतात, अंगात तो नसतो. म्हणून त्यानं त्यांना चालायला लावलं. त्याची पावलं वेगळी होती, आमच्याकडे दादरा आहे.

२४ ऑगस्ट

फासे. बाखचा शिष्य किर्नबर्गर यानं १७५७ साली फासे टाकून मिन्युएट आणि पोलोनेज या नाचांचं संगीत तयार करायची पद्धत छापली होती. आम्ही आठ बारांचा तक्ता केला, प्रत्येक बारासाठी सहा पर्याय, एकूण ४८ पत्ते. ल्यूडोचा फासा टाकायचा, जो आकडा पडेल तो पत्ता लावायचा. सहाचा आठवा घात केला तर १६,७९,६१६ चाली होतात. हिशेब आठवीतल्या मुलानं केला आणि फळ्यावरून कोणालाही पुसू दिला नाही.

पहिल्या चाली लोंबकळत राहिल्या. मुलांनी पत्त्यांवर मनाला येईल ते लिहिलं होतं, त्यामुळे चाल घरी पोचतच नव्हती. मग नियम लावला: चौथ्या बाराचे सहाही पत्ते जी कॉर्डवर थांबायचे, आठव्याचे सहाही सीवर. प्रश्न आणि उत्तर. आता कुठलाही फासा पडला तरी वाक्य पूर्ण होतं.

पण मग चाळणी आठवली. फासा टाकायला कान लागत नाही. म्हणून शेवटी भर घातली: चाल दोनदा ऐकायची, मग प्रत्येकाला एकच पत्ता बदलता येईल आणि का बदलला ते सांगावं लागेल. खेळाचा जीव इथे होता. चौथीतला मुलगा, तोच चिकटचित्रांचा, म्हणाला, "दुसरा आणि तिसरा बार भांडतायत. दुसरा वर संपतो आणि तिसरा एकदम खालून सुरू होतो." त्यानं तिसरा बदलला, वाजवला, मान हलवली, परत पहिला लावला. "भांडू देत, तसंच छान आहे." दहा मिनिटं तो एका उडीचा विचार करत होता.

१४ सप्टेंबर

गणपतीमुळे दोन वर्ग बुडले, पण आजची नोंद सर्वांत मोठी होणार.

काळ्या पट्ट्यांचा खेळ जगभरचे शिक्षक घेतात. पाचही काळ्या पट्ट्यांत अर्ध्या सुराच्या अंतरावरचे दोन सूर कुठेच नाहीत, म्हणून काहीही एकत्र वाजवलं तरी टोचत नाही. शिक्षकानं खाली काहीतरी धरायचं, मुलानं वर फिरायचं. मीही अनेक वर्षं घेते. त्याचा तोटाही तोच: काहीच चुकत नाही, म्हणून मूल भटकत राहतं.

आज सातवीतली मुलगी अशीच काळ्यांवर फिरत होती. तिचे आजोबा तिला न्यायला लवकर आले होते, सोफ्यावर बसले होते. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. मी डाव्या हातानं काळी तीन आणि काळी एक धरली होती (पेटीवाले सप्तकातल्या पाच काळ्या पट्ट्या सीच्या लगेच वरच्या काळीपासून एक ते पाच अशा मोजतात). ते म्हणाले, "अहो ताई, ही भूप आळवतेय."

बरोबरच होतं. काळी तीनला सा मानलं की पाच काळ्या म्हणजे सा रे ग प ध.

"मग सा हलवून बघा की," ते म्हणाले.

हलवला. डावा हात काळी एकवर नेला. त्याच पट्ट्या, पण आता सा रे म प ध. आजोबा म्हणाले, दुर्गा. काळी दोनवर नेला, धानी. काळी चारवर, मध्यमाद सारंग, मेघाचेही हेच सूर. मुलगी दर वेळी थोडा वेळ चाचपडायची आणि मग तिचं बोट नव्या सा वर येऊन थांबायला लागायचं. मी काहीच सांगत नव्हते.

काळी पाच राहिली होती. तिथे मी अडले. तिचा पंचम पांढऱ्यात येतो, काळ्यात नाही. डाव्या हातानं काय धरायचं? आजोबांनी सोफ्यावरूनच सांगितलं, "मालकंसात पंचम नसतोच. तंबोरा मध्यमात लावतात. मध्यम धरा." मध्यम म्हणजे काळी दोन. काळी पाच आणि काळी दोन धरली, आणि खोलीचा रंगच बदलला. मुलीनं हात उचलून मांडीवर ठेवले, थोडा वेळ नुसतं ऐकलं. मग अगदी सावकाश, तीनच सूर वाजवले. सा, कोमल ग, परत सा.

हे राग नाहीत, मला ठाऊक आहे. पियानोवर मींड नाही, आंदोलन नाही, रागाचं चलन तर त्याहून पुढची गोष्ट. हा सुरांचा सांगाडा आहे. पण पाच पट्ट्यांत पाच वेगळी घरं आहेत आणि घर कोणतं ते डावा हात ठरवतो, हे बारा वर्षांच्या मुलीला अर्ध्या तासात कानानं कळलं. भटकणं संपलं, कारण आता परत यायला जागा होती. हार्मनीच्या धड्यांत टॉनिक, म्हणजे हाच घरचा सूर, शिकवायला मी दोन महिने घेते.

जाताना आजोबांनी विचारलं, "पुढच्या वेळी मी आत बसलो तर चालेल?"

२८ सप्टेंबर

आता सगळेच सा हलवतायत. धाकटीनं तिच्या कोपराच्या ढगाखाली काळी तीन धरली, म्हणजे मी धरली, तिनं सांगितली म्हणून.

एका आईनं परीक्षेचं विचारलं. रास्त प्रश्न आहे, फी भरलेली आहे. मी तिला दोन्ही दाखवलं: मुलाची स्केल आधीपेक्षा सरळ येते आणि विचारलं तर तो स्वतःचंही वाजवतो. परीक्षा देणारी तिघं आहेत, त्यांच्या तुकड्यांना वेळ कमी पडतोय हेही खरं. त्यांचा खेळाचा वेळ त्यांच्याच तुकड्यांवर लावायचा: एक बार निवडा, त्याचा उलटा बार तयार करा, कुठला बरा ते सांगा.

१९ ऑक्टोबर

पाऊस सरला, ती मंद्रातली पट्टी मोकळी झाली. बाकी पियानो बराच उतरलाय.

दिवाळीच्या सुट्टीआधी पुढच्या शनिवारी माझ्या घरीच सगळ्यांनी जमून वाजवायचं ठरलं. प्रत्येकानं एक छापलेला तुकडा आणि एक स्वतःचा. यादी केली. 'मला दे, तुला घे' तिघांचं, फाशांची चाल चौथीतल्याची, भांडणाऱ्या बारांसकट. दहावीतली ताई सगळ्यांना लघु-गुरूवर टाळ्या शिकवणार आहे.

२६ ऑक्टोबर

झालं. फराळ आधी खाल्ला गेला, त्यामुळे पट्ट्यांना थोडं तूप लागलं, पुसून घेतल्या.

सातवीतल्या मुलीनं काळी पाचवरचं वाजवलं. डावा हातही तिचाच. शेवटचा सूर लावून पेडल दाबून ठेवलं आणि सगळी खोली तो विरेपर्यंत बसून राहिली. चौथीतला मुलगा मान पियानोकडे झुकवून ऐकत होता. संपल्यावर त्यानंच सांगितलं, "आता गेला."

मागच्या सत्रातल्या परीक्षेनंतर ज्यानं शिकणं सोडलं होतं त्या मुलाच्या घरी परवा फोन केला, त्याला ऐकायला तरी पाठवा म्हणून. आला होता. मागे बसला. निघताना सगळे चपला घालत असताना पियानोशी जाऊन काळ्या पट्ट्यांवर एका बोटानं काहीतरी करत होता. मी डावा हात घेऊन शेजारी बसले नाही. मुद्दामच. तो सा शोधत होता.

सुट्टीनंतर ट्यूनर येणार आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबा पेटी घेऊन येतो म्हणालेत. पेटीची काळी पाच आणि पियानोची काळी पाच जुळते का, ते आधी पाहायचं.